अजून अर्धा आटा

माझ्या नवऱ्याने त्याच्या पिकअपवर एक खोली बसवली तेव्हा मी ‘छान झालीय हो’ म्हणाले आणि मनात म्हणाले, कंपनीने या माणसाला लवकर घरी पाठवलं ते उगाच नाही. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना तो ‘तो’च.

खोली म्हणजे खरोखर खोली. चौकोनी पाइपांचा सांगाडा, त्याला बाहेरून पांढरे पत्रे, आत एक झोपायची फळी आणि कोपऱ्यात कपाटाएवढा संडास. त्यात उंच कमोड, खाली काढता येणारी टाकी, दोन्ही बाजूंना धरायला स्टीलचे दांडे. परदेशात याला कॅम्पर म्हणतात, असं त्याने मला मोबाइलवर दाखवलं. तिकडची माणसं त्यात राहून डोंगर बघत हिंडतात. आमच्या कॅम्परला डोंगराशी काही देणंघेणं नव्हतं. माझ्या सासूबाईंना गावापर्यंत जाताना वाटेत लघवीला जाता यावं, एवढ्यासाठी तो होता.

सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांची थोरली बहीण, आमची मावशी, कोकणात गावी बुद्धविहाराला लागून असलेल्या घरात एकटी राहते. दोघी रोज दुपारी फोनवर बोलतात. बोलतात म्हणजे भांडतात. तू ये, नाही तूच ये. आई म्हणायच्या गुडघे दुखतात, नातवाची परीक्षा आहे, पाऊस फार आहे. मावशी म्हणायची शेळी व्यायलीय, कोंबड्यांना कोण बघणार, घराला कुलूप लावलं की लोक फणस नेतात. अशी कित्येक वर्षं दोघी एकमेकींना बोलावत होत्या आणि जागच्या हलत नव्हत्या. मला वाटायचं, म्हाताऱ्यांना हट्ट करायला आवडतो.

खरं काय ते मला खोपटच्या एसटी डेपोत कळलं. मावशी पडली होती, हाताला प्लास्टर होतं, म्हणून आई एकदाच्या निघायला तयार झाल्या. बाकावर बसलो आणि बस लागायच्या आत त्यांना गरगरायला लागलं. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली तर त्यांनी माझा हात झटकला. आदल्या दुपारपासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मी रागावले तेव्हा त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, “बस थांबते तिथं थांबते. मला लागते तेव्हा नाय ना थांबत. आणि थांबली तरी मला खाली बसता येतंय का?”

गुडघे बदललेले, आणि वयामुळे दर तासाला जावं लागतं. हे मला माहीत होतं. पण एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांनी लग्नं, बारशी, सख्खा भाऊ गेल्यावरचं पुण्यानुमोदन असं सगळं सोडलं होतं, ते माहीत नव्हतं. आम्ही रिक्षा करून डोंबिवलीला घरी परत आलो. रिक्षात त्यांनी मला बजावलं की हे कोणाला सांगायचं नाही आणि आक्काला, म्हणजे मावशीला, सांगायचं की बस चुकली. मी नवऱ्याला सांगितलं. तो दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्राच्या कडेला चौकोन काढत बसायला लागला.

पिकअप त्याचा धंद्याचा आहे. कंपनी सुटल्यावर तो मंडप डेकोरेटरच्या खुर्च्या, पडदे, जेवणाची मोठी पातेली पोचवतो. त्यामुळे खोली कायमची ठोकून चालणार नव्हती. गावी जाताना चढवायची, आल्यावर उतरवून पार्किंगमध्ये तिच्या चार पायांवर उभी करायची. तेव्हा सगळा प्रश्न एवढाच होता की ती गाडीवर धरून ठेवायची कशी.

नवऱ्याला यात प्रश्नच दिसला नाही. आजवर त्याच्या गाडीतून एक खुर्ची पडलेली नाही. त्याने नायलॉनचा जाड दोर आणला, खोलीवरून तीन वेढे घेतले आणि टोकं हौद्याच्या बाजूच्या फाळक्यांना बांधली. मी खाली उभी राहून विचारलं की हे फाळके तर उघडतात ना. तो म्हणाला, कड्या लावल्यात. मग आम्ही दोघं चाचणी म्हणून कोपर स्टेशनच्या बाजूला एक चक्कर मारायला निघालो.

दुसऱ्या गतिरोधकावर डाव्या फाळक्याची कडी निसटली. फाळका खाली पडला, त्याच्याबरोबर दोर सैल झाला आणि आमची खोली एका बाजूने बाहेर डोकावायला लागली. समोरच्या वडापावच्या गाडीवरची सगळी माणसं वडा हातात धरून बघत राहिली. एकाने विचारलं, “काका, शिफ्टिंग का?” नवऱ्याने हो म्हणून सांगितलं. मग त्याच माणसांनी ढकलून खोली जागेवर आणली आणि आम्ही बैलगाडीच्या वेगाने घरी आलो. आईंनी गॅलरीतून पाहिलं होतं. त्या मला एवढंच म्हणाल्या की मी आत असते तर.

मग नवऱ्याने अभ्यास सुरू केला. परदेशी म्हातारे आपापले कॅम्पर कसे बांधतात याचे व्हिडिओ तो संध्याकाळी बघायचा. नेमकी तीच आईंची मालिकेची वेळ. घर एक, टीव्ही एक, आणि आवाजावर हक्क आईंचा. त्यामुळे तो व्हिडिओ आवाज बंद करून बघायचा. त्यातून त्याला फाळक्याला नव्हे तर खालच्या चॅसिसला बांधायचं असतं, हे कळलं. दोराऐवजी टर्नबकल लावायचे, हेही कळलं. टर्नबकल म्हणजे दोन टोकांना दोन हूक आणि मध्ये लोखंडी चौकट. चौकटीत दांडा घालून फिरवली की दोन्ही हूक आत ओढले जातात आणि बांधलेली वस्तू खाली आवळली जाते. म्हातारे दांडा घालून फिरवतात, असं त्याने स्पष्ट पाहिलं. फिरवताना ते काय बोलतात ते मात्र ऐकायचं राहिलं.

एमआयडीसीतल्या वेल्डरने चॅसिसला चार मजबूत कान वेल्ड केले, खोलीच्या चार कोपऱ्यांना चार कड्या लावल्या आणि आता बॉम्ब पडला तरी खोली हलणार नाही असं सांगून तो चहा पिऊन गेला. नवऱ्याने चार टर्नबकल अडकवले, हाताने ताण बघितला आणि फिरवायचा दांडा गाडीच्या टपावर ठेवला. सगळ्या घोळाचं मूळ म्हणजे तो टपावर ठेवलेला दांडा.

आमच्या बिल्डिंगविषयी सांगायला हवं. जवळपास सगळेच पुरुष कुठल्या ना कुठल्या कारखान्यातून निवृत्त झालेत. आयुष्यभर नट आवळले आणि आता आवळायला काही उरलेलं नाही. नळाचा वायसर बदलायचा असला तरी तिघं जमतात. अशा माणसांच्या पार्किंगमध्ये चार टर्नबकल लावलेली गाडी आणि वर आयता दांडा. दुसऱ्या मजल्यावरच्या फिटर काकांनी पहिल्याच संध्याकाळी फेरफटका मारताना दांडा उचलला, एक टर्नबकल फिरवून पाहिला आणि म्हणाले, “अजून अर्धा आटा घेईल.” घेतला त्याने, चौकट आणखी अर्धा फेरा फिरली. मग ज्याला त्याला वाटायला लागलं की घेईल.

सेक्रेटरी आधी तक्रार घेऊन आले होते. खोली पार्किंगमध्ये पायांवर उभी असेल तेव्हा ती गाडी समजायची की खोली, आणि खोली समजली तर मेंटेनन्स लावायचा का, असा त्यांचा मुद्दा होता. मी त्यांना म्हटलं, लावा, मग मी पण तुमच्या मीटिंगला दोन मतं देईन. ते निघाले आणि जाता जाता पुढच्या उजव्या टर्नबकलला त्यांनीही अर्धा आटा दिला. सकाळी दूध आणायला जाणारे द्यायचे, रात्री शतपावलीला उतरणारे द्यायचे. नवरा स्वतः तर येता-जाता द्यायचा. कोणी कोणाला विचारत नव्हतं, कारण त्यात विचारण्यासारखं काय आहे. चांगल्या मनाने मदत करत होते सगळे. मला चांगल्या मनाची माणसं फार महाग पडतात.

कोणीतरी पुढच्या बंपरला लिंबू-मिरचीही बांधून गेलं. आईंनी ते सोडलं. आमच्यात हे चालत नाही म्हणाल्या, लिंबाचं सरबत केलं आणि मिरच्या फोडणीत घातल्या.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर आई मला म्हणाल्या की एकदा आत जाऊन बघते. म्हणजे रंगीत तालीम. पार्किंगमध्ये कोणी नाही याची आधी मला खाली पाठवून खात्री करून घेतली. मग आल्या, स्टुलावरून चढल्या, दांडे धरून पाहिले, मला बाहेर जायला सांगितलं आणि संडासाचं दार लावून घेतलं. मी गाडीच्या मागे राखणीला उभी राहिले. तेवढ्यात माझा फोन वाजला, आणि मी बोलत चार पावलं गेटकडे गेले.

वळून बघते तर फिटर काका. कुठूनतरी उगवले होते, हातात दांडा, आणि मागच्या डाव्या टर्नबकलला अर्धा आटा देऊन झाला होता. मी धावत जाईपर्यंत त्यांनी दुसराही अर्धा दिला. आतून एक करकरीत आवाज आला, जुना पेटारा बंद करताना येतो तसा.

काका समाधानाने म्हणाले, आता बसली.

आतून आईंचा आवाज आला, “दार उघडत नाय ग.”

इतक्या दिवसांच्या अर्ध्या-अर्ध्या आट्यांनी खोलीचा सांगाडा चारी कोपऱ्यांतून ओढला जात होता. शेवटच्या आट्याने तो वाकडा झाला आणि दाराची चौकट दारावर आवळली गेली. मी बाहेरून ओढलं, काकांनी ओढलं, हँडल हातात आलं. काकांनी घाबरून नवऱ्याला हाक मारली, आणि ती हाक पाचव्या मजल्यापर्यंत गेली.

पाच मिनिटांत बिल्डिंग खाली. बायका, मुलं, वॉचमन, बाजूच्या बिल्डिंगचे दोघं. काय झालं, आजी अडकल्या. कुठे अडकल्या, संडासात. हा निरोप माझ्यादेखत गेटपर्यंत गेला आणि रस्त्यापलीकडच्या इस्त्रीवाल्यापाशी पोचला. मला रडू येत होतं. दार उघडणारच होतं, त्याची काळजी नव्हती. पण जी गोष्ट या बाईने वर्षानुवर्षं तहानलेली राहून लपवली होती, ती आता भर दुपारी पार्किंगमध्ये चारचौघांत मांडली गेली होती. आता या बाहेर येतील, सरळ वर जातील आणि परत कधीच जिना उतरणार नाहीत, असंच मला वाटलं.

पुरुषांची मात्र चर्चा रंगली होती. चौकट कापावी असं एकाचं म्हणणं, तर दुसऱ्याचं की दाराच्या बिजागऱ्या काढाव्या. त्या बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या. नवऱ्याने एक टर्नबकल पूर्ण सैल केला तर खोली उरलेल्या तीन बाजूंनी आणखी पिळली आणि दार जास्तच घट्ट बसलं, म्हणून तो त्याने परत आवळला. सेक्रेटरी पक्कड घेऊन आले होते. कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं.

संडासाला वर टीचभर खिडकी होती. मी चाकावर पाय देऊन तिच्यापर्यंत पोचले. आई कमोडच्या झाकणावर बसल्या होत्या, पदर खांद्यावरून नीट घेतलेला.

“किती जण आहेत ग?”

खोटं बोलावंसं वाटलं, पण बाहेरचा गलका त्यांना ऐकू येत होता. “सगळे आहेत.”

“सेक्रेटरी?”

“पक्कड घेऊन आलेत.”

त्यांनी पदर पुन्हा सारखा केला. मग म्हणाल्या, “म्हणजे सगळ्यांना कळलं.”

“कळलं, आई.”

“मेलं नाय ना कोणी?”

मी नाही म्हटलं.

“मग कळू दे. त्यांना जावं लागत नाय का कधी?” आणि मग माझ्या डोक्यावरून बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “ज्यांनी ज्यांनी आवळलं त्यांनी येऊन सोडा. मला उद्या आक्काकडे जायचंय.”

कोणी कोणाकडे बघेना. मग फिटर काका पुढे झाले, सेक्रेटरी पक्कड वॉचमनच्या हातात देऊन पुढे झाले, सकाळी दूध आणायला जाणारे पुढे झाले. नवऱ्याच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. मंडपाचा खांब उतरवताना करतात तसं त्याने चौघांना चार कोपऱ्यांवर उभं केलं आणि त्याच्या इशाऱ्यावर चारी टर्नबकल एकदम, अर्धा-अर्धा आटा सोडायला लावले. दांडा एकच होता, म्हणून बाकीच्यांनी स्क्रू-ड्रायव्हर, पाना आणि कोणाच्या तरी घरचं लाटणं लावलं. बरेच आटे निघाले. एवढे आवळलेत हे पाहून त्यांचेच चेहरे उतरले. शेवटी आतून टक्‌ असा आवाज झाला आणि दार आपणहून उघडलं.

आई बाहेर आल्या. मी हात धरून स्टुलावरून उतरवलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणाला कळत नव्हतं. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, फिटर काकांच्या हातातला दांडा काढून घेतला आणि वर गेल्या. गावी न्यायच्या पिशवीत त्यांनी तो साड्यांच्या खाली ठेवला.

त्या संध्याकाळी मालिका लागली नाही. आईंनी स्वतः टीव्ही बंद केला आणि नवऱ्याला सांगितलं की तुझ्या त्या म्हाताऱ्याला बोलू दे. म्हातारा व्हिडिओत पहिल्यापासून एकच गोष्ट सांगत होता. हलणार नाही इतपत आवळा आणि थांबा. गाडी रस्त्यावर पिळते, तिला थोडी जागा लागते, म्हणून मध्ये स्प्रिंग टाका. नवऱ्याने मान खाली घालून ऐकलं. सकाळी गॅरेजवाल्याकडून चार जाड स्प्रिंगा आणल्या, टाकल्या आणि आम्ही दुपारी निघालो. पुढच्या सीटवर नवरा, मध्ये मी, खिडकीशी आई. पुढे जागा तिघांचीच.

पनवेल मागे पडल्यावर आईंनी माझ्याकडून पाण्याची बाटली मागितली. झाकण काढलं आणि बाहेर बघत बघत अर्धी बाटली प्यायल्या. एवढी वर्षं या घरात आहे, पण प्रवासात त्यांना पाणी पिताना मी पहिल्यांदा बघितलं. मी नवऱ्याच्या मांडीला कोपर लावलं, त्यानेही पाहिलं. त्याचे डोळे भरले होते, आणि पुढे खड्डा होता, म्हणून मी त्याला रस्त्याकडे बघायला सांगितलं. महामार्गाने खोलीची पुरेपूर परीक्षा घेतली. ती स्प्रिंगांवर थोडी डुलली, पण जागची हलली नाही. आई म्हणतील तिथे आम्ही थांबत गेलो, आणि त्या हक्काने म्हणत गेल्या.

मावशी अंगणात उभी होती, हाताचं प्लास्टर केव्हाच निघालेलं. दोघींनी मिठ्या मारल्या नाहीत. तू बारीक झालीस, तू काळी झालीस, एवढं बोलून झालं. मग मावशी गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली की हे काय घर घेऊन आलात. आईंनी तिला हाताला धरून आत नेलं, कमोड दाखवला, दांडे दाखवले. मावशी बराच वेळ आत होती. दार लावल्याचा आवाज आला. मग पाण्याचा आला.

बाहेर आल्यावर ती पायरीवरच बसली. शेळीचं, कोंबड्यांचं, फणसाचं काहीच बोलली नाही. आईंकडे बघून हळूच म्हणाली, “हे असलं असतं तर मी केव्हाच आली असती.”

आईंनी तिच्याकडे पाहिलं. “तुलापण?”

“मग काय,” मावशी म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी पण हसले. त्याच संध्याकाळी मावशीने शेळी शेजारी पाठवली, घराला कुलूप लावायचं ठरवलं आणि फणस विहारात देऊन टाकले.

परतताना पुढच्या सीटवर नवरा, मध्ये आई, खिडकीशी मावशी. जागा तिघांचीच. चालत्या गाडीत मागच्या खोलीत कोणी बसायचं नाही, हा नियम मीच केलेला. दांडा आईंच्या पिशवीत होता. दोघींच्या मांडीवर एकेक पाण्याची बाटली. त्यांना हात करून मी एसटी स्टँडवर आले, खोपटचं तिकीट काढलं. स्टँडवरच्या दुकानदाराने पाणी हवं का विचारलं.

मी नको म्हणाले. आदल्या रात्रीपासून मी पाणी प्यायलेच नव्हते.